पावकी-निमकीपासून संगणकापर्यंत : बदलता व्यापार आणि समाजाच्या शाळा

जैन परंपरेत शिक्षणाची कथा एका आर्थिक संकटापासून सुरू होते. भोगभूमीचा काळ सरत आला, कल्पवृक्षांचे देणे थांबले आणि आता जगावे कसे, या चिंतेने व्याकूळ झालेली प्रजा ऋषभदेवांना शरण गेली, असे वर्णन आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात येते. भगवंतांनी त्या प्रजेला नवे कल्पवृक्ष दिले नाहीत. त्यांनी तिला असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली. आपल्या ब्राह्मी या कन्येस लिपी आणि सुंदरी या कन्येस अंकविद्या दिली. श्रद्धेने वंदनीय असलेली ही कथा विचारालाही तितकीच प्रेरक आहे. निर्वाहाचे जुने साधन संपले की शिक्षण बदलावे लागते, हा तिचा पहिला बोध. अक्षर आणि अंक यांचा वारसा कन्यांकडेही जातो, हा दुसरा.

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना या दोन बोधांची आठवण होणे स्वाभाविक आहे. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील व्यापाराचे रूप अनेक वेळा पालटले. मोडीची वही गेली, आणे-पै गेले, वार गेला, मुनिमाची गादी गेली. प्रत्येक पालटाच्या वेळी समाजाच्या शाळांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : उद्याच्या पोटापाण्यासाठी मुलांना काय शिकवावे? या प्रश्नाला वेळोवेळी कोणती उत्तरे दिली गेली, त्यांतली कोणती फळली आणि कोणती फसली, याचा हा संक्षिप्त आढावा.

पंतोजींची शाळा आणि दुकानाची पेढी

एकोणिसाव्या शतकात व्यापारी घरातील मुलाचे शिक्षण दोन ठिकाणी होत असे. पहिले ठिकाण गावातील पंतोजींची शाळा. तेथे धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, बोरूने मोडीचे वळण घोटायचे आणि तारस्वरात पाढे म्हणायचे. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत असत. दुसरे ठिकाण वडिलांचे दुकान. तेथे मुलगा रोजमेळ आणि खतावणी शिके, नावे आणि जमा यांतला भेद समजून घेई, हुंडीची भाषा ओळखू लागे.

या शिक्षणात घोकंपट्टी फार होती आणि छडीही होती. पण ते त्या काळाच्या व्यवहाराला अचूक जुळलेले होते. वाराला १ रुपया ४ आणे भावाचे साडेतीन वार कापड गिऱ्हाइकाने घेतले, तर विसाची औटकी सत्तर, म्हणजे सत्तर आणे, म्हणजे ४ रुपये ६ आणे, हा हिशेब कापड घडी होण्याआधीच तोंडून बाहेर पडे. शाळेत घोकलेला पाढा दुपारी दुकानात उपयोगी पडत होता. शाळा आणि व्यवहार यांच्यात अंतरच नव्हते.

हे अंतर आगगाडी आणि तारायंत्र यांनी निर्माण केले. १८५३ साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत रूळ घाट ओलांडून सोलापूरपर्यंत गेले. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ अस्तित्वात आले. भाव तारेने येऊ लागले आणि तार इंग्रजीत असे. रेल्वेची पावती, बँकेचा कागद, न्यायालयाची नोटीस हे सारे इंग्रजीत आले. औटकी तोंडपाठ असलेल्या दुकानदाराला तार वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले. जुने शिक्षण खोटे ठरले नव्हते, ते अपुरे ठरले होते.

छापखान्याचा वाद

नव्या तंत्राला समाजाने एकमुखाने होकार दिला, असे मात्र झाले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मग्रंथ छापावेत की नाहीत, यावर मोठा वाद झाला. छपाईत शास्त्राचा अविनय होतो, हस्तलिखिताचे पावित्र्य छापील प्रतीला येत नाही, असे अनेकांना मनापासून वाटत होते. दुसरीकडे, भांडारात कुलपाखाली पडलेले शास्त्र श्रावकाच्या हाती जाणार केव्हा, असा सुधारकांचा प्रश्न होता. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक चालवून मराठी जैन वाचकांना छापील अक्षराची सवय लावली.

आज घराघरांत छापील पूजासंग्रह आहेत आणि तो वाद कोणाच्या स्मरणातही नाही. तरीही तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तंत्राला विरोध करणारे लोक दुष्ट नव्हते, त्यांना एका मौल्यवान गोष्टीची काळजी होती. ती गोष्ट जपली गेली ती छापखाना अडवून नव्हे, तर छापखान्यातून शुद्ध ग्रंथ काढून. पुढे प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळी हाच प्रसंग पुन्हा आला आहे.

वसतिगृहांची चळवळ

इंग्रजी शाळा शहरांत होत्या आणि समाजाचा मोठा भाग खेड्यांत व लहान बाजारपेठांत होता. दक्षिण महाराष्ट्रात तर जैनांतील बहुसंख्य लोक शेतकरी होते. मुलाला शहरात ठेवावे कोठे, त्याच्या शुद्ध आहाराचे काय, रात्रिभोजनाच्या नियमाचे काय, या अडचणींपायी हुशार मुले चौथीनंतर घरी बसत. या अडचणीवर समाजाने शोधलेला उपाय म्हणजे वसतिगृह, त्या काळच्या भाषेत ‘बोर्डिंग’.

१८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. १९०१ साली कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात वसतिगृहांचे पर्व सुरू झाले होते, त्याच प्रवाहातील हे बोर्डिंग होय. मुंबईचे दानशूर जव्हेरी शेठ माणिकचंद हिराचंद यांनी अशा बोर्डिंगांना मुक्त हस्ते साहाय्य केले. पुढे सांगली, बेळगाव, हुबळी येथेही समाजाची वसतिगृहे उभी राहिली. मुंबईत १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. विदर्भात कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम आणि कुंभोजजवळ बाहुबली येथे १९३४ साली दुसरे गुरुकुल, ही समंतभद्र महाराजांची कामगिरी. तेथे धर्मशिक्षण आणि शालेय शिक्षण यांची सांगड घालण्यात आली.

या संस्थांच्या संस्थापकांची दृष्टी नीट पाहिली पाहिजे. त्यांनी प्रत्येक गावी स्वतंत्र महाविद्यालय काढण्याचा अट्टहास केला नाही. शिक्षण जेथे उत्तम होते तेथे मुलाला पोहोचवायचे, त्याच्या राहण्याजेवणाची सोय करायची आणि घरचे संस्कार तुटू द्यायचे नाहीत, एवढेच त्यांनी ठरविले. अनेक ठिकाणी शिष्यवृत्ती कर्जाऊ स्वरूपात दिली जाई. शिकून मिळवता झालेला तरुण ती परत करी आणि तीच रक्कम पुढच्या मुलाच्या उपयोगी पडे. व्यापाऱ्यांनी शिक्षणात आणलेली ही भांडवलाची फेरगुंतवणूकच म्हणावी लागेल. याच वातावरणातून अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे नेते पुढे आले. कोल्हापूर संस्थानचे दिवाणपद आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्रिपद त्यांनी भूषविले.

कर्मवीर : बोर्डिंगबाहेर पडलेला विद्यार्थी

कोल्हापूरच्या या बोर्डिंगच्या इतिहासात एक अप्रिय पण महत्त्वाचे पान आहे. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील हे तेथील विद्यार्थी. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटन समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्याबद्दल त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ज्या धर्माने जातीपेक्षा आचरण श्रेष्ठ मानले, त्या धर्माच्या वसतिगृहाने नियम राखला आणि एक थोर विद्यार्थी गमावला.

भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर, ओगल्यांचे कंदील यांची विक्री करीत ते गावोगाव फिरले. लाकडी नांगर जाऊन लोखंडी नांगर येत होता, हा त्या काळचा तंत्रबदलच होता. यंत्र शेतकऱ्याच्या दारी आले होते, परंतु त्यासोबतचा छापील कागद त्याला वाचता येत नव्हता. त्या फिरतीत पाहिलेल्या अज्ञानातून १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, एकत्र शिजवतील आणि श्रम करून शिकतील, असे ते वसतिगृह होते. ‘कमवा आणि शिका’ ही योजना म्हणजे गरिबीवर केलेली नुसती तडजोड नव्हती. शेती, बांधकाम, स्वयंपाक यांतले काम हेही शिक्षणच आहे, हा विचार तिच्या मुळाशी होता. १९५९ साली कर्मवीर निवर्तले तेव्हा त्यांनी लावलेला वटवृक्ष महाराष्ट्रभर पसरला होता.

समाजाने या पानावरून दोन्ही गोष्टी शिकाव्यात. अभिमान बाळगावा तो भाऊरावांचा आणि स्मरण ठेवावे ते बंद झालेल्या दाराचे.

यंत्रयुग आणि तंत्रशिक्षण

दुसरा मोठा पालट कारखानदारीने घडविला. मुंबईत गिरण्या वाढल्या तेव्हा प्रारंभी त्यांचे तज्ज्ञ विलायतेतून येत. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने वस्त्रोद्योगाचे शिक्षण देशात देण्यास आरंभ केला. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि व्यापार हाही विद्यापीठात शिकविण्याचा विषय आहे, हे मान्य झाले. पेढीवर बसून शिकण्याची विद्या वर्गात आली.

सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. १९१९ साली त्यांनी भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली, तेव्हा जहाज चालविणारे भारतीय अधिकारी जवळजवळ नव्हतेच. भारतीय तरुणांना त्या कामाचे शिक्षण देणारे ‘डफरिन’ हे प्रशिक्षणजहाज १९२७ साली मुंबईत सुरू झाले. म्हणजे धंदा आधी उभा राहिला आणि शाळा आठ वर्षांनी आली. ही दिरंगाई देशाला किती महाग पडते हे उद्योजकांनी जाणले. सांगली येथे १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंदांचे नाव धारण करून प्रख्यात झाले. अहमदाबादेत १९४७ सालीच डॉ. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने वस्त्रोद्योगाची संशोधनसंस्था ‘अटिरा’ स्थापन झाली. गिरणीमालकांच्या पैशाने प्रयोगशाळा चालावी, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

वस्त्रव्यवसायाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने १९८२ हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाची कारणे अनेक होती आणि त्यांचा निवाडा हा येथील विषय नव्हे. परंतु गिरण्या बंद पडल्यावर जे दिसले ते शिक्षणाशी निगडित होते. वीस-पंचवीस वर्षे एकाच खात्यात काम केलेल्या माणसाला दुसरे काही शिकविण्याची व्यवस्था कोठेच नव्हती. त्याच १९८२ साली इचलकरंजीत वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी डी. के. टी. ई. ही संस्था सुरू झाली. या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला होता. साध्या मागावरून स्वयंचलित मागाकडे आणि पुढे बिनधोट्याच्या मागाकडे जाताना त्या गावाला शिकलेली माणसे गावातच मिळत गेली. एका शहरात मागांचा आवाज थांबत होता आणि दुसऱ्या गावात मागाचे महाविद्यालय उभे राहत होते. या फरकाला कामगार, वीज, जागेचे भाव अशी इतर कारणे आहेतच, पण शाळेचे कारण त्यांत गौण नाही.

आणे गेले, मोडी गेली

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात दुकानदाराला जे नव्याने शिकावे लागले, तेवढे त्यापूर्वी क्वचितच लागले असेल. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली. १६ आण्यांचा, ६४ पैशांचा, १९२ पैंचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. काही काळ जुनी आणि नवी नाणी एकत्र चालली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, त्यामुळे सुट्या पैशांवरून गल्ल्यावर रोज वाद होत. पाठोपाठ १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली. शेर-मण गेले, वार जाऊन मीटर आला. ज्या कापडाचा भाव वाराला सव्वा रुपया होता, त्याचा भाव मीटरला १ रुपया ३७ पैसे झाला आणि गिऱ्हाइकाला कापड महागल्यासारखे वाटू लागले.

औटकी आणि अडीचकी यांची गरज जवळजवळ एका पिढीत संपली. शाळेतील मुलगा दशांश चिन्हाने हिशेब करी आणि त्याचे आजोबा बोटांवर आणे मोजत. घरातील ज्ञानाचा ओघ प्रथमच उलटा वाहू लागला आणि नातू आजोबांना शिकवू लागला.

याच सुमारास शाळांतून मोडीही गेली. छपाईला आणि टंकलेखनाला देवनागरी सोयीची होती, त्यामुळे हा निर्णय व्यवहार्यच होता. पण त्याची किंमत उशिरा कळली. आज कित्येक घरांच्या माळ्यावर पणजोबांच्या वह्या आहेत, मंदिरांच्या पेटाऱ्यांत जमिनींचे, दानपत्रांचे कागद आहेत आणि ते वाचू शकणारे हात दुर्मिळ झाले आहेत. नवे स्वीकारताना जुन्याची किल्ली हरवू नये, हा या प्रकरणाचा धडा होय. प्रत्येक मुलाने मोडी शिकावी असे कोणी म्हणणार नाही, पण गावात चार जणांना तरी ती यावी, एवढी व्यवस्था शाळांना करता आली असती.

कोठारी आयोग आणि कागदावरील कार्यानुभव

१९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे उदयपूरचे थोर भौतिकशास्त्रज्ञ आणि जैन संस्कारांत वाढलेले गृहस्थ. शिक्षण उत्पादक कामाशी जोडावे, प्रत्येक विद्यार्थ्याला कार्यानुभव मिळावा, विज्ञानशिक्षण भक्कम व्हावे, असे या आयोगाने आग्रहाने सुचविले. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्यात मांडलेल्या नई तालीमचाच धागा त्यात होता.

दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध त्यातून आला आणि स्थिरावला. कार्यानुभव मात्र बहुतेक शाळांत आठवड्याच्या एका तासापुरता उरला. खडू, मेणबत्त्या, कागदी फुले यांपुढे तो फारसा गेला नाही. वेळापत्रक बदलणे सोपे, कामाविषयीची दृष्टी बदलणे कठीण. पांढरपेशा नोकरी म्हणजे यश आणि हातकाम म्हणजे नापासांची वाट, ही समजूत पालकांच्या मनातून गेली नाही आणि शाळेने ती घालविण्याचा मनापासून प्रयत्नही केला नाही. व्यापारी समाजानेही ‘शिकून दुकानातच बसायचे आहे ना’ असे म्हणत मुलाच्या शिक्षणाकडे कित्येकदा पदवीपुरतेच पाहिले.

संगणकाचे आगमन

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि तालुक्याच्या गावांतील मुलांना तंत्रशिक्षणाचे दार उघडले. १९८६ साली बंगळूर येथे गोयंका पितापुत्रांनी हिशेबाची संगणकीय प्रणाली तयार केली. पिता गिरण्यांना लागणारे सुटे भाग पुरविणारे व्यापारी होते. आपल्या धंद्याला साजेशी प्रणाली बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी मुलाकडून ती करवून घेतली. ‘टॅली’ या नावाने ती पुढे घरोघरी पोहोचली. व्यापाऱ्याची गरज आणि पुढच्या पिढीचे शिक्षण एकत्र आले तर काय घडते, याचा हा उत्तम दाखला.

दरम्यान वहीपूजनाचा मुहूर्त तोच राहिला, पण हिशेबाचे वर्ष बदलले. दिवाळी ते दिवाळी हे वर्ष प्राप्तिकरासाठी १९८९ पासून चालेनासे झाले आणि ३१ मार्च ही सर्वांची वर्षअखेर ठरली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे फलक गावोगावी लागले. १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. आता बीजक, विवरणपत्र, करभरणा हे सारे संगणकावरच. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची पद्धत भाजीवाल्यापर्यंत पोहोचली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरी साधने होती ती मुले शिकत राहिली आणि ज्यांच्या घरी नव्हती ती मागे पडली.

या तीस-पस्तीस वर्षांत सर्वांत मोठा फटका बसला तो मुनिमाला. सुंदर हस्ताक्षर, न चुकणारी बेरीज आणि निर्विवाद सचोटी असलेला हा माणूस पन्नाशीत निरुपयोगी ठरला. त्याची सचोटी जुनी झाली नव्हती, फक्त त्याचे साधन जुने झाले होते. त्याला सहा महिने कोणी बसवून शिकविले असते, तर त्याचे उरलेले आयुष्य मानाने गेले असते. पण शाळा मुलांसाठी होती, मुनिमासाठी नव्हती.

ब्राह्मी-सुंदरीचा वारसा

मुलींच्या शिक्षणाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी अकाली वैधव्य आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी श्राविकाश्रमाचे काम उभे केले आणि अनेक परित्यक्ता व विधवा भगिनींना अक्षर व आधार दिला. सोलापुरात पद्मश्री पं. सुमतिबाई शहा यांनी हेच व्रत पुढे चालविले. या श्रमांचे फळ २००१ च्या जनगणनेत दिसले. त्या वेळी देशात स्त्रियांची साक्षरता ५३.७ टक्के होती, तर जैन स्त्रियांची ९०.६ टक्के. सर्व प्रमुख धर्मसमूहांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

त्याच जनगणनेतील दुसरा आकडा मात्र समारंभांतून सांगितला जात नाही. काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जैन समाजात ९.२ टक्के, म्हणजे सर्व प्रमुख धर्मसमूहांत सर्वांत कमी होते. घरच्या दुकानाचा हिशेब पाहणाऱ्या सुनेचे काम जनगणनेत नोंदले जात नसेल, हे खरे. तरीही मुलीला शिकविण्यासाठी केलेला खर्च तिच्या विवाहाच्या परिचयपत्रातील एका ओळीपुरता राहत असेल, तर ते शिक्षण अर्धेच म्हटले पाहिजे. आज हिशेब, करविवरण, आरेखन, विक्री अशी कितीतरी कामे घरातून वा गावातून करता येतात. शिकलेल्या मुलींना ती दारे उघडून देणे हे यापुढील काम आहे.

पुढील पन्नास वर्षांसाठी

इतिहासाचा हा धावता आढावा न्यासापुढे काही गोष्टी ठेवतो. पहिली गोष्ट अशी की, कोणतेही विशिष्ट कौशल्य दीर्घकाळ टिकत नाही. औटकी गेली, टंकलेखन गेले, आजच्या संगणकप्रणालीही जातील. कृत्रिम बुद्धिमत्ता आता पत्रे लिहिते, हिशेब तपासते आणि भाषांतरही करते. टिकते ते नीट वाचणे, अंकांचा अर्थ समजणे, नवे शिकण्याची भीती नसणे आणि खरे बोलणे. अचौर्य आणि सत्य ही अणुव्रते कोणत्याही यंत्राने कालबाह्य केलेली नाहीत. उलट जेथे समोरचा माणूस दिसत नाही, अशा बाजारात तर सचोटीचे मोल अधिक आहे.

दुसरी गोष्ट दानाच्या दिशेची. समाज इमारतीसाठी सढळ हाताने देतो, कारण इमारतीवर नाव राहते. परंतु या सव्वाशे वर्षांत ज्याने जीवने बदलली ते वसतिगृहातील अन्न, कर्जाऊ शिष्यवृत्ती आणि चांगला शिक्षक यांनी. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० बालकांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, तेव्हा दानाचा हाच अर्थ पुन्हा प्रकट झाला. शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी दिलेल्या देणगीचा संगमरवरी फलक लागत नाही, पण तिची फळे कैक पिढ्या चाखतात.

तिसरी गोष्ट, दार कोणासाठी उघडे आहे ही. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि शिक्षणसंस्था चालविण्याचे घटनादत्त संरक्षणही. हा अधिकार आपल्या मुलांपुरता वापरायचा की कर्मवीरांच्या मार्गाने गावातील गरजू मुलांपर्यंत न्यायचा, याचा विचार विश्वस्तांनी करावा.

आणि चौथी गोष्ट अगदी व्यवहाराची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय-परिचय आणि दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. ती कार्यानुभवाप्रमाणे कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर समाजातील व्यापारी, सनदी लेखापाल, अभियंते यांनी आपली दुकाने, कचेऱ्या आणि कारखाने मुलांसाठी उघडावेत. दहा दिवसांत मुलगा माल कसा येतो, बीजक कसे होते, उधारी का बुडते, हे पाहील. सायंकाळी रिकाम्या राहणाऱ्या संगणककक्षात दुकानांतील नोकर, गृहिणी, वयस्क कारकून यांच्यासाठी वर्ग भरावेत, म्हणजे उद्याच्या मुनिमावर कालच्या मुनिमाची पाळी येणार नाही. आठवड्यातून एक दिवस मोडीचा वर्ग असावा, म्हणजे मंदिराच्या पेटीतील कागद बोलू लागतील. यांपैकी कशालाही नवी इमारत लागत नाही.

कल्पवृक्ष परत आले नाहीत, म्हणून मानवाने षट्कर्मे शिकली. जुना बाजार, जुनी वही, जुना वार हेही परत येणार नाहीत. त्यांची हळहळ करण्यात पन्नास वर्षे घालवायची की मुलांच्या हाती नवी पाटी द्यायची, याचा निर्णय पूर्वसूरींनी आपापल्या काळी केला. तसाच निर्णय करण्याची सुबुद्धी आणि सामर्थ्य न्यासाला लाभो आणि शताब्दीच्या स्मरणिकेत या दिवसांची नोंद गौरवाने होवो, हीच सदिच्छा.